तिला सांग

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार. मी इकडे ठीक आहे. दादांचा गुडघा आता कसा आहे? ऑपरेशन झालं म्हणजे सगळं झालं असं नसतं, व्यायाम करून घ्या त्यांच्याकडून. वहिनींना म्हणावं, त्यांनी कळवळून दादांना पलंगावर ताट देऊ नये, टेबलापर्यंत चालवावं. तुमच्या बीपीच्या गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरतील एवढ्याच आहेत, म्हणून नवी बाटली सोबत पाठवते आहे.

पत्र बघून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही. शेजारचा सिद्धेश व्हिसा स्टॅम्पिंगला निघालाय, त्याआधी नागपूरला आईवडिलांकडे उतरणार आहे, त्याच्या हाती देते आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता आणि फोन वहिनींकडे देता. मेसेज केला की अंगठा पाठवता. कागदाला अंगठा पाठवता येत नाही.

घरचं सांगते. हीटिंग परवा बंद पडलं होतं, माणूस येऊन दुरुस्त करून गेला. मागच्या ओकची पानं अजून पडताहेत, मी गोळा करणार नाही, पाठ दुखते. मंडळाची दिवाळी झाली. चकल्या कडक होत्या आणि निवेदन लांब होतं, म्हणजे नेहमीसारखीच. तुमची चौकशी सगळ्यांनी केली. माझी कुणी केली नाही. मला मग दिला.

मग म्हणजे कॉफीचा मग. आसावरीने रंगीत कागदात गुंडाळून दिला आणि सगळ्यांसमोर उघडायला लावला. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'परक्यांपुढे नाचण्यासाठी आम्ही दोन सूटकेसा घेऊन या देशात आलो नाही.' आणि खाली, 'मॉम.' सगळे टाळ्या पिटून हसले. आसावरी म्हणाली, "अगं, शोभना, यू आर फेमस यार! माझ्या मुलीने तर टी-शर्टपण घेतलाय." मीही हसले. काय करणार, कागद हातात होता आणि लोक फोटो काढत होते. तो मग मी गॅरेजमध्ये ठेवलाय, रंगाच्या डब्यांच्या मागे.

तुम्हाला गंमत वाटेल. तुम्हाला या सगळ्याची गंमतच वाटत आलीय. आपल्या केयाने फिलाडेल्फियातल्या त्या कॅफेत दोन गाण्यांच्या मध्ये हे वाक्य सहज बोलून दाखवलं, लोक हसले, म्हणून तिने त्यावर गाणं केलं. ते गाणं आज पेट्रोल पंपावर लागतं, माझ्या डेंटिस्टकडे लागतं. तोंडात कापूस आणि कानात माझी बदनामी, असे मी दात साफ करून घेतलेत. त्या गाण्यावर तिला हॉस्पिटलच्या मालिकेत नर्सच्या बहिणीचं काम मिळालं, मग अल्बम निघाला आणि आता तिच्याच आयुष्यावर मालिका येतेय. नायिका ती, निर्माती ती. पोरीचं एवढं मोठं करिअर उभं राहिलं, आणि त्याच्या पायाशी आहे काय, तर आईने गाऊ दिलं नाही.

तिच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. कॉलेज सोडलं, क्वीन्समध्ये चौघींनी मिळून एक खोली घेतली, लोकांच्या लग्नांत गायली, टूथपेस्टच्या जाहिरातीत दिवसभर हसत उभी राहिली, हे सगळं मी बघितलंय. ऑडिशनला गेली की प्रत्येक ठिकाणी तिला म्हणायचे, जरा इंडियन ॲक्सेंटमध्ये करून दाखव. ती नकार देऊन यायची आणि मला फोन करून रडायची, "आई, दे वॉन्ट मी टू साउंड लाइक यू." ते ऐकून मला काय वाटायचं ते मी कधी बोलले नाही. मी तिचीच समजूत घालायचे.

आता ऐका. मागच्या महिन्यात तिचाच फोन आला. म्हणाली, "आई, वी नीड यू टू साउंड लाइक यू."

मालिकेत माझं काम यामिनी नावाची मुलगी करतेय. टेक्सासमध्ये जन्मलेली, गोड आहे दिसायला, पण तिला आपल्यासारखं बोलता येत नाही. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये लॉरेल म्हणून एक बाई आहेत, नटांना उच्चार शिकवणं हा त्यांचा धंदा. त्यांनी मला यामिनीची वाक्यं पाठवली. मी ती माझ्या तोंडाने म्हणून रेकॉर्ड करून द्यायची, यामिनी ते ऐकून ऐकून मी होणार. मला वाटलं, असतील चार वाक्यं, देऊ म्हणून. होतीच तशी काही. 'शूज बाहेर काढ.' 'जेवलीस का?' ही माझीच. त्यांच्याखाली, 'लोक काय म्हणतील?' मी जन्मात कुणाला हे विचारलेलं नाही. त्याखाली, 'गाणं ही आपल्यासारख्यांची कामं नव्हेत.' ज्या बाईने पोरीला चौथ्या वर्षी मंडळाच्या गणपतीत स्टुलावर उभं करून गायला लावलं, तिच्या तोंडी हे. आणि सगळ्यात शेवटी दोन सूटकेसा.

मी केयाला फोन केला. म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हा ऑडिशनला घेऊन जाताना गाडीत बाबा का दाखवलेत? कारण स्क्रिप्ट तिने मला वाचायला पाठवली होती आणि त्यात दर शनिवारी तिला घेऊन जाणारे तुम्ही आहात. तुम्ही गाडीत तिच्याबरोबर गाताहात. मनोहर, तुम्हाला त्या इमारतीचा रस्ता तरी ठाऊक आहे का? शनिवारी तुमचं टेनिस असायचं. मी हॉस्पिटलच्या लॅबमधली पहाटेची शिफ्ट करून यायचे, तिला उठवायचे, प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावून आम्ही ट्रेनने ऑडिशनला जायचो. त्या अरुंद कॉरिडॉरमध्ये बाकीच्या आया कॉफी प्यायच्या आणि मी उभ्या उभ्या झोपायचे. केयाला हे आठवत नाही असं नाही. ती म्हणाली, "आय नो, आई. पण रायटर्स म्हणाले, सीनमध्ये एक जण फॉर पाहिजे आणि एक जण अगेन्स्ट. यू कान्ट बी बोथ."

मी म्हटलं, "मग मी अगेन्स्ट का?"

तर म्हणाली, "बिकॉज यू सेड इट, आई. आय वॉज देअर. किचनमध्ये. तुझ्या हाताला पीठ होतं."

पीठ होतं, हे खरं आहे. केया खोटं बोलत नाही. मला राग याचाच आला की ती खोटं बोलत नाही. ती खोटं बोलत असती तर मी तिला चांगली झापली असती आणि विषय संपला असता.

त्याच आठवड्यात तुम्ही मला ती लिंक पाठवलीत. मासिकवाल्यांनी तुमची व्हिडिओवर मुलाखत घेतली ती. मागे वहिनींचा देवीचा फोटो, तुम्ही निळ्या स्वेटरमध्ये, केस नीट विंचरलेले. 'मी माझ्या मुलीला आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही.' हेच त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलं. वर तुम्ही मला विचारलंत, "स्वेटर कसा दिसतोय?"

स्वेटर चांगला दिसतो. मी तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण मी त्या वाक्यात खोट शोधत होते, आणि सापडत नव्हती. तुम्ही तिला खरंच कधी नाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. तुम्ही मला म्हणायचात.

'तिला सांग, स्लीपओव्हर वगैरे चालणार नाही.' 'तिला सांग, प्रॉमला त्या मुलाबरोबर जायचं नाही.' 'तिला सांग, नाक टोचायचं खूळ डोक्यातून काढ.' ती दहा पावलांवर सोफ्यावर बसलेली असायची, तरी तुम्ही मला सांगायचात. तुमचे वडील असंच करायचे, दादाही करतात, आपल्याकडे पुष्कळ घरांत हे असंच चालतं, त्यामुळे मला सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकदा मी 'बाबा म्हणताहेत' असं म्हणून तिला सांगितलं तर तुम्ही माझ्यावर चिडलात. "माझं नाव कशाला घेतेस? मुलीला निदान एक माणूस तरी हक्काचा वाटू दे." मला ते पटलं. मूल चिडलं तर त्याला घरातच जायला दुसरी कूस असावी, असं मलाही वाटलं. पण दर वेळी ती कूस तुमचीच, हे मात्र मी ठरवलं नव्हतं.

होकार असला की तुम्ही स्वतः उठायचात. सायकल घ्यायची, तुम्ही सांगितलंत. गिटार घ्यायची, तुम्ही सांगितलंत. माझ्याकडून नकार ऐकून ती रडत खोलीत गेली की तासाभराने तुम्ही किल्ल्या वाजवत तिच्या दाराशी, "चल, केयू, आइस्क्रीम खाऊन येऊ." मी पातेली घासत असायचे. परत आलात की दोघंही हसत असायचात आणि ती माझ्याशी बोलायची नाही.

आता त्या रविवारचं. तुम्हाला आठवत नसेल असं मी क्षणभरही मानत नाही. ती अकरावीत होती. लहान मुलांच्या त्या संगीत नाटकाच्या दौऱ्यासाठी तिची निवड झाली होती, देशभर फिरायचं, सोबत शिकवायला ट्यूटर, सगळं नीट होतं. मी कंपनीतल्या बाईंशी स्वतः बोलले होते. मला ती जायला हवी होती. हे मी तुम्हाला त्या दिवशी दोनदा सांगितलं. तुम्ही लॅपटॉपवर मॅच बघत होतात. मान वर न करता म्हणालात, "तिला सांग, आपण दोन सूटकेसा घेऊन इथे आलो ते हिने परक्यांपुढे नाचावं म्हणून नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणालात, "माझं बीपी वाढतं. तू सांग. तुझं ऐकते ती."

ती नेमकी तेव्हाच किचनमध्ये आली, फॉर्म घेऊन. मी पोळ्यांची कणीक मळत होते. आणि मी सांगितलं. जसंच्या तसं, फक्त इंग्रजीत, आणि पहिले दोन शब्द गाळून.

ती काय बोलली ते तुम्ही बाहेरून ऐकलंत. तिने मला काय काय म्हटलं, सगळं ऐकलंत. मॅचचा आवाज तुम्ही वाढवलात. आणि संध्याकाळी किल्ल्या वाजवल्यात.

मला वाटायचं, हे आपल्या दोघांत आहे. मुलगी मोठी होईल, कधीतरी तुम्हीच हसत हसत सांगाल, अगं, तो तर मीच म्हणालो होतो. तिचं गाणं आलं तेव्हा वाटलं, आता सांगतील. तुम्ही गाणं सगळ्या नातेवाइकांना पाठवलंत. दादांनी फोन करून मला सुनावलं, "पोरीच्या एवढ्या आड येऊ नये, शोभना." तेव्हाही तुम्ही नागपूरलाच होतात, शेजारीच बसला होतात ना त्यांच्या? मला दादांचा राग आला नाही. दादांना काय माहीत? तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात, त्याचा आला. अजून आहे.

मागच्या गुरुवारी रेकॉर्डिंग होतं. लॉरेलबाई व्हिडिओवर म्हणाल्या, खोलीत आवाज घुमतो, कपड्यांच्या कपाटात बसा. म्हणून मी हॉलमधल्या कोटांच्या कपाटात स्टूल टाकून बसले. पुढ्यात तुमचा तो काळा पार्का लोंबत होता. 'शूज काढ' झालं, 'जेवलीस का' झालं. लॉरेलबाई मोठ्या मायेने बोलतात. मग दोन सूटकेसांचं वाक्य आलं आणि मला ते म्हणताच येईना. शब्द यायचे, पण सगळे सपाट. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, असं करा, हे तुम्ही तुमच्या भाषेत कसं म्हणाला असता ते आधी म्हणा, म्हणजे सूर सापडेल.

मी तुमच्या पार्काकडे बघून म्हटलं. एका दमात आलं, तुमच्या चालीवर, मधेच स्कोअर बघायला तुम्ही जिथे थांबला होतात तिथे थांबून.

लॉरेलबाईंना मराठीचं अक्षर कळत नाही, पण त्या कानाने जगणाऱ्या. त्यांनी विचारलं, सुरुवातीला ते छोटंसं काय आहे? इंग्रजीत ते दिसत नाही. मी म्हटलं, "टेल हर."

त्यांनी ते दोन शब्द कागदावर लिहून घेतले. मग म्हणाल्या, "कोण कुणाला सांगतंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्या कपाटात बसून रडले, तुमच्या पार्काच्या बाहीला डोळे पुसले. तो ड्राय क्लीनिंगला दिलाय.

लॉरेलबाईंना मी एवढंच सांगितलं, की हे वाक्य माझं नाही, ज्यांचं आहे ते सध्या नागपूरला असतात. त्यांनी विचारलं, केयाला मी हे सांगू का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही सांगणार का? त्यालाही मी नाही म्हटलं. नीट लक्षात घ्या, मनोहर. मला केयाला हे आज सांगता येतं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, बेटा, ते बाबा म्हणाले होते. पण मग पुन्हा तेच झालं. तुमचं बोलणं, माझं तोंड. पुन्हा तिने रडावं ते माझ्यासमोर, आणि संध्याकाळी तुम्ही नागपूरहून फोन करून तिला हसवावं. हा निरोप मी पोहोचवणार नाही.

मी लॉरेलबाईंना तुमचा नंबर दिलाय.

शुक्रवारी तुमच्याकडे संध्याकाळ असताना त्यांचा फोन येईल. त्यांना मूळ माणसाच्या आवाजात ते वाक्य हवंय. नको असेल तर त्यांना तसं स्वतः सांगा, वहिनींना सांगायला लावू नका. नाही म्हणायची तेवढी तरी सवय होईल. हो म्हणालात, तर दादांच्या खोलीतलं कपाट मोठं आहे, त्यात खुर्ची मावते. आवाज चढवू नका, तेव्हा चढवला नव्हतात. समोर लॅपटॉप ठेवा हवा तर. आणि पहिले दोन शब्द गाळू नका. प्रत्येक रेकॉर्डिंग केया स्वतः ऐकते, तिला मराठी बोलता कमी येत असेल, पण कळतं सगळं. ते दोन शब्द तिने आपल्या घरात हजारदा ऐकलेत. कुणाच्या तोंडून, ते तिला लगेच आठवेल.

त्याआधी तिच्याशी बोलायचं मनात आलं, तर गुरुवारी तिचं शूटिंग नाही. सिद्धेश मंगळवारी पोहोचेल, म्हणजे पत्र वाचून 'बघू' म्हणायलाही तुम्हाला एक दिवस मिळतो.

तुमच्याबद्दल लोभ होता तसाच आहे. तो नसता तर एवढं लिहिलं नसतं, नुसता अंगठा पाठवला असता. हिवाळ्यात तुम्ही परत याल तेव्हा मी विमानतळावर येईन, घरी गरम जेवण असेल. केयाही येईल की नाही, ते मला माहीत नाही. ती मला विचारेल, "आई, तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

मी म्हणेन, बाबांना विचार.

शोभना